लिंत्सचा थांबा

शाळेच्या इतक्या सहली दिपमालानं काढल्या होत्या, की चार माणसं एकत्र दिसली तरी तिचं मन आपोआप डोकी मोजू लागायचं. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, तरी ही खोड गेली नाही. म्हणूनच युरोपला जायचं निघालं तेव्हा तिनं बजावून सांगितलं, की कंपनीच्या बसमध्ये मेंढरांसारखं कोंबून घ्यायचं नाही. आपण आगगाडीनं जायचं, आपल्या गतीनं, आणि पाय दुखतील तिथं मुक्काम टाकायचा. करोनाची भीती ओसरून लोक पुन्हा हिंडू-फिरू लागले होते. श्रावणातल्या एका रविवारी जळगावला तिच्या हॉलमध्ये टीपॉयवर नकाशा पसरला गेला आणि त्यावर सगळी म्हातारी डोकी वाकली.

ती स्वतः आणि तिचा नवरा नवल. धुळ्याचे सुकदेव आबा आणि त्यांच्या भिकुबाई, नवल धुळ्याला नोकरीला होता तेव्हाचे शेजारी. आणि नवलची थोरली बहीण बेबाबाई व तिचे यजमान लोटन भाऊ. ही दोघं असोद्याची, घरची केळीची बाग असलेली. बेबाबाई आयुष्यात नाशिकच्या पलीकडे गेली नव्हती, पण युरोपचं नाव निघताच सगळ्यांच्या आधी तिनं हात वर केला होता.

"पॅरिसला उतरायचं," दिपमाला बोट फिरवत सांगत होती. "तिथून झुरिच. मग डोंगरातून ऑस्ट्रिया, साल्झबर्ग, व्हिएन्ना, आणि शेवटी प्राग. गाडी बदलायची असेल तिथं मध्ये भरपूर वेळ ठेवलाय. बॅग मात्र ज्याची त्यानं उचलायची. तिकडे हमाल नसतात."

"तठे लिफ्ट शे का नही?" सुकदेव आबांनी विचारलं. "मना गुडघा मनं आयकत नही."

"आहे आबा. जिथं लिफ्ट नाही ते स्टेशन मी घेतलंच नाही."

बेबाबाई पुढं सरकली. तिनं चष्मा पुसून पुन्हा लावला आणि नकाशाच्या अगदी जवळ तोंड नेलं.

"माह्या हितूचं गाव कुठी हाये यात?"

हितेंद्र तिचा एकुलता एक मुलगा. इंजिनिअर होऊन तिकडे लिंत्स नावाच्या गावी कारखान्यात लागलेला. दिपमालानं साल्झबर्ग आणि व्हिएन्ना यांच्या मधल्या एका ठिपक्यावर नख टेकवलं.

"हे बघ अक्का. वाटेतच आहे."

"गाडी तठी थांबते का?"

"थांबते ना. सगळ्या थांबतात."

"मंग दोन रात्री तठी टाक. तुम्ही हॉटेलात राहा. मी माह्या पोराकडे राहीन."

लोटन भाऊंच्या हातातली बशी कलली. गरम चहा पायजम्यावरून मांडीवर सांडला. भिकुबाई "अगं माय" करत पाणी आणायला उठल्या, पण लोटन भाऊ हलले नाहीत. चटका बसल्याचं त्यांना कळलंच नाही जणू.

"त्याले वेळ नसतो," ते म्हणाले. "कामाचा लई ताण हाये त्याले."

"आईले भेटाले कसा नसतो वेळ?" बेबाबाई हसत म्हणाली, आणि त्या ठिपक्यावर आपलं बोट ठेवून बसली.

त्याच आठवड्यात भर दुपारी लोटन भाऊ एकटेच जळगावला आले. नवल घरी नव्हता. केळीचा घड त्यांनी दाराशी ठेवला, पण बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"दीपाबाई, एक काम होतं. ते लिन्स काढून टाका."

"काढू? का हो भाऊ?"

"तिले सांगा, गाडी तठी थांबत नाही. आधी थांबत होती, आता बंद झाली. तुमचा शब्द ती मानते."

दिपमाला त्यांच्याकडे पाहत राहिली. हा माणूस कधी कुणाकडे काही मागणाऱ्यातला नव्हता. शेताच्या बांधावरून भांडण झालं तरी दोन पावलं मागं सरकणारा. आता त्यांच्या गालफडाची हाडं वर आली होती आणि नजर पंख्यावर खिळली होती.

"तुमचं नि हितूचं काही बिनसलंय का?"

"नाही. बिनसायले काय..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "सांगाल ना तुम्ही?"

"नाही भाऊ. अक्काशी खोटं मला नाही बोलता येणार."

लोटन भाऊंच्या ओठांवर हसू आल्यासारखं झालं.

"सुरुवातीले सगळ्यांलेच तसं वाटतं," ते म्हणाले, आणि चपला घालून निघून गेले.

त्या दिवशी दिवसभर ते वाक्य दिपमालाच्या डोक्यातून हललं नाही. नवलला सांगावं, तर नवलच्या पोटात काही राहत नाही. सकाळी सांगितलेलं संध्याकाळी असोद्याला पोचायचं. ती गप्प बसली. बाप-लेकाचं भांडण असेल, जमिनीवरून असेल, असं म्हणून तिनं मनाची समजूत घातली.

गणपती झाल्यावर तिनं सगळ्यांची तालीम घेतली. भरलेल्या बॅगा घेऊन जळगावहून भुसावळला जायचं, तिथं पूल चढून फलाट बदलायचा, आणि दुसऱ्या गाडीनं परत. "भुसावळच्या गर्दीत जो बॅगेसकट टिकला, त्याला झुरिच काहीच नाही," असं ती म्हणाली. सुकदेव आबा धुळ्याहून त्यासाठी खास आले. बॅगेत काय भरू म्हणून त्यांनी सरळ गव्हाचं पीठ भरून आणलं होतं. सगळ्यांना हसू फुटलं. लोटन भाऊ सोडून.

गाडीत बेबाबाई दिपमालाच्या शेजारी खिडकीशी बसली. बाहेर केळीच्या बागा मागं पळत होत्या. बेबाबाईनं कनवटीचा फोन काढला आणि तिच्या कानाशी आणला.

"आईक. परवा आला."

हितेंद्रचा आवाज. तसाच, थोडा नाकातला, माया लावणारा. "आई, मी बरा आहे. काल रात्री इथं लई बर्फ पडला. खिडकीच्या भायेर सगळं पांढरं झालंय." मग तो खोकला. "औषधाच्या गोया टाइमावर घेत जाय. ठेवतो."

"किती वेळा आईकला तरी मन भरत नाही," बेबाबाई म्हणाली.

दिपमालानं कान फोनपासून बाजूला घेतला. प्रवास ठरल्यापासून वाटेतल्या प्रत्येक गावाचं हवामान ती रोज सकाळी चहाबरोबर पाहत असे, कुठं स्वेटर लागेल, कुठं छत्री. लिंत्सलाही ती रोज पाहत होती. तिथं लोक अर्ध्या चड्ड्यांवर फिरत होते. परवा तर तिथं जळगावच्या दिवाळीइतकंही गार नव्हतं.

"नंबर दे गं अक्का त्याचा," ती शेवटी म्हणाली. "मी पण कळवते त्याला आपल्या तारखा."

नंबर भारतातला होता. "अठलंच कार्ड घेतलं त्यानं," बेबाबाईनं सांगितलं. "स्वस्त पडतं म्हने. यांनीच सांगितलं."

समोरच्या बाकावर लोटन भाऊ डोळे मिटून बसले होते. पण पापण्या हलत होत्या.

भुसावळला पुलावर चढताना दिपमालानं सवयीनं मागं वळून डोकी मोजली. एक कमी. लोटन भाऊ पुलाच्या मध्यावर थांबले होते. बॅग बाजूला टाकून, दोन्ही हातांनी कठडा धरून ते खाली वाकले होते, आणि खालून मालगाडी धडधडत येत होती. दिपमाला गर्दी कापत मागं धावली आणि तिनं त्यांची बाही घट्ट धरली.

"काय करताय भाऊ?"

"काही नाही," ते म्हणाले. "गाडी पाहत होतो. किती लांब हाये पाहा. संपतच नाही."

परतीच्या गाडीत तिनं त्यांना खिडकीपाशी बसू दिलं नाही.

दोन-चार दिवस ती त्या नंबराकडे पाहत राहिली. मग तिनं लिहिलं, 'हितू, दीपामामी बोलतेय. एप्रिलमध्ये आम्ही सगळे तुझ्याकडे येतोय. स्टेशनवर येशील का?' उत्तर लगेच आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं. 'मामी, येऊ नका. मी तेव्हा बाहेरगावी असेन. आईला समजावा.' शुद्ध देवनागरीत. हितेंद्र आयुष्यात देवनागरीत लिहीत नव्हता. इंग्रजी अक्षरांत घाईघाईचं मराठी लिहायचा, ते वाचताना तिच्यातली शिक्षिका नेहमी वैतागायची.

ती रिक्षा करून असोद्याला गेली.

बेबाबाई आत चहा ठेवत होती. लोटन भाऊ ओट्यावर खाटेवर बसले होते. दिपमाला समोरच्या खुर्चीत बसली, पदरानं तोंड पुसलं, आणि मांडीवरच्या फोनवर तो नंबर लावला.

लोटन भाऊंच्या छातीशी, सदऱ्याच्या आत, बंडीच्या खिशात काहीतरी गुरगुरलं.

त्यांनी खिशावर हात ठेवला. फोन काढला नाही, बंदही केला नाही. छाती दाबून धरून ते दिपमालाकडे पाहत बसले. ती त्यांच्याकडे. गुरगुर चालूच राहिली.

"कोनाचा फोन हो?" आतून बेबाबाईनं विचारलं.

"कोनाचा नाही," लोटन भाऊ म्हणाले. "चुकीचा लागला."

चहा कसा प्यायला गेला ते दिपमालाला आठवत नाही. मग लोटन भाऊ उठले आणि म्हणाले, "चला, तुम्हाले नवी लागवड दाखवतो." बागेत उन्हाचे कवडसे पडले होते. पानं डोक्यावर एकमेकांत मिसळलेली, पायाखाली ओल. बरंच आत गेल्यावर ते थांबले.

"हितू कुठं आहे भाऊ?"

"नाही तो."

तिला ते आधीच कळलं होतं.

"दुसऱ्या लाटेत," लोटन भाऊ म्हणाले. "ही जळगावले ऑक्सिजनवर होती. मले आत जाऊ देत नव्हते. दवाखान्याच्या भायेर लिंबाखाली बसेल होतो, तवा तिकडून फोन आला. हितूचा दोस्त, केरळकडचा. म्हने, अंकल, हितेंद्र नहीं रहा. मी म्हटलं, कोन हितेंद्र? तो बिचारा रडाले लागला. हितूबी तिकडे दवाखान्यातच होता. मले सांगू दिलं नव्हतं त्यानं. म्हने, बाबाले एक आईचंच पुरे हाये."

"आणि मग?"

"विमानं बंद. त्यांनीच जाळलं त्याले. राख तठीच ठेवली." त्यांनी एक सुकलेलं पान बुंध्यापासून सोलून काढलं. "मंग डॉक्टर भायेर आला. म्हने, आज पेशंटनं डोये उघडले, धक्का देऊ नका. काचेतून पाह्यलं मी तिले. तिनं हातानंच खूण केली. हितूचा फोन आला का? मी मान हलवली. आला म्हटलं."

बागेत पाण्याची नळी कुठंतरी गळत होती.

"तिच्यात जीव आला की सांगीन, असं ठरवलं होतं. ती घरी आली तर म्हने, त्याचा आवाज आईकव. माह्याकडे त्याचे जुने आवाज होते. एक पाठवला. तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर खाल्लं. मंग कसं सांगू? कोन्या तोंडानं सांगू?"

"गेल्या आठवड्यात बर्फ पडल्याचा पाठवलात. तिथं आता उन्हाळा आहे भाऊ."

लोटन भाऊंनी चमकून पाहिलं. "तिकडे उन्हाळा असतो? मले वाटलं, कायमचा बर्फच असतो."

मग ते हळू आवाजात म्हणाले, "सुरुवातीले मी लिहायचो. आता मले तोच लिहितो असं वाटतं. तिनं काही विचारलं की मी थांबतो, आणि काय म्हनायचं ते आपोआप येतं. कोनतं त्याचं, कोनतं माह्यं, काही समजत नाही, दीपाबाई."

दिपमालाला पहिल्यांदाच त्यांची भीती वाटली. "अक्काला सांगावं लागेल," ती म्हणाली. "व्हिसासाठी मुंबईला ठसे द्यायला जायचंय. त्याच्या आधी. आणि तुम्हीच सांगायचं."

"सांगतो."

"नक्की?"

"सांगतो म्हटलं ना."

त्यांनी सांगितलं नाही. दिवस जात राहिले, आणि आता दिपमालाही त्यात सामील झाली होती. फोनवर बेबाबाईचा आवाज आला की ती काहीतरी निमित्त काढून फोन ठेवायची. दसऱ्याच्या आधी बेबाबाई बूट घ्यायला जळगावला आली. चालण्यासाठी सगळ्यांनी बूटच घ्यायचे, असा नियम दिपमालानंच केला होता. दुकानात बेबाबाई स्टुलावर बसली, लुगडं सावरून पाय पुढं केले, आणि लेस बांधता येईना म्हणून दिपमाला तिच्या पायाशी बसली.

"तुले एक सांगू का?" बेबाबाई वरून म्हणाली. "माह्या पोराच्या मागं मीच लागेल हाये."

"असं काय म्हणतेस अक्का."

"त्याले तिकडची पोरगी करायची होती. मले फोनवर दाखवली बी. गोरी, हसरी. आणि मी काय म्हटलं असेन? म्हटलं, करशीन तर मले तोंड नको दाखवू. तवापासून तो तोंड दाखवत नाही. आवाज पाठवतो, लिहितो, पन फोनवर समोर येत नाही. लई आज्ञाधारक पोरगा." तिनं बुटातली बोटं हलवून पाहिली. "म्हनून चालली मी. तो नाही दाखवत तर मी जाऊन दाखवते माह्यं तोंड. त्या पोरीलेबी साडी घेतली हाये."

दिपमालानं लेसची गाठ पुन्हा सोडली आणि पुन्हा बांधली. मान वर करायची हिंमत तिला होईना.

"घट्ट झाला का गं?" तिनं विचारलं.

"नाही. बरोबर हाये."

मुंबईला जायचं चार दिवसांवर आलं आणि नवल असोद्याहून तोंड पाडून परतला. "अक्का नाही म्हणते. तिकीट रद्द करा म्हणते. कालपासून जेवली नाही. काय झालं सांगत नाही, दाजी पण बोलत नाहीत." दिपमाला तशीच निघाली.

असोद्याच्या घरी अंगणात, राखेच्या ढिगाशी, नवे कोरे बूट पडलेले होते. लोटन भाऊ दारात, पाठमोरे. बेबाबाई आत भिंतीला टेकून बसली होती, केस मोकळे, समोर तांब्या तसाच भरलेला. तिनं काही न बोलता फोन पुढं केला.

'आई, येऊ नको. तूच म्हणाली होतीस तोंड दाखवू नको. आता मलाही तुझं तोंड पाहायचं नाही. मला तुझा वीट आलाय. परत लिहू नको.'

"बरोबर हाये त्याचं," बेबाबाई म्हणाली. तिचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा येत होता. "माह्याच तोंडाचं माह्या पदरात पडलं. आता जगून काय करू मी? कोनासाठी गोया घेऊ?"

औषधाची पाकिटं चुलीशी पडली होती. सगळी, न फोडलेली.

दिपमालानं दाराकडे पाहिलं. "भाऊ, तुम्ही सांगता, की मी सांगू?"

मग लोटन भाऊंनी खुंटीवरची टोपी घेतली, डोक्यावर ठेवली, आणि वळून न पाहता ते पायऱ्या उतरून बागेच्या वाटेनं निघून गेले.

दिपमाला बेबाबाईच्या समोर बसली. तिचे दोन्ही हात तिनं हातात घेतले आणि सांगितलं. लिंबाखालचा फोन, काचेतून हललेली मान, जुने आवाज, बंडीतला फोन. काही लपवलं नाही, काही सजवलंही नाही. बेबाबाई तिच्या ओठांकडे पाहत होती, जणू ती दुसऱ्याच कुठल्या भाषेत बोलत होती.

मग तिनं विचारलं, "म्हणजे हे त्यानं लिहिलं नाही?"

"नाही अक्का."

"माह्या हितूनं असं म्हटलंच नाही?"

"नाही. कधीच नाही."

बेबाबाईच्या चेहऱ्यावरून क्षणभर काहीतरी उतरलं, ओझं उतरावं तसं. एक लांब श्वास तिनं घेतला. तो श्वास बाहेर पडताना मात्र त्याचा हंबरडा झाला, आणि शेजारपाजारच्या बाया हातातलं काम टाकून धावत आल्या.

मग दिपमालाला बागेच्या वाटेची आठवण झाली. तिनं नवलला फोन केला, गल्लीतल्या रुपचंदला पळवलं. लोटन भाऊ विहिरीच्या काठावर सापडले, पाय आत सोडून बसलेले. फोन त्यांनी पाण्यात टाकला होता. "मी काही करनार नव्हतो," ते रुपचंदला म्हणाले. "त्याले ठेवाले आलो होतो." तोवर पोचलेल्या नवलनं आणि रुपचंदनं धरून त्यांना घरी आणलं. दारात येताच बेबाबाईचं रडणं थांबलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, अगदी नीट, खालपासून वरपर्यंत, आणि मान फिरवली.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. बारावं-तेरावं करायचं की नाही यावर भाऊबंद बोलू लागले, तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, की आधी पाहू, मग करू. आणि गर्दी ओसरल्यावर तिनं दिपमालाला जवळ बोलावलं.

"गाडी तठी थांबते ना?"

"थांबते."

"मंग माह्यं तिकीट राहू दे."

"आणि भाऊंचं?"

"त्यांचंबी."

सगळा हिवाळा त्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. बेबाबाई नवऱ्याला वेळेवर वाढायची. भाकरी, भाजी, वर तिळाची चटणी, कशात कमी नाही. कपडे धुवायची, अंघोळीचं पाणी काढून ठेवायची. शब्द मात्र एकही नाही. नवल समजावून थकला. सुकदेव आबा धुळ्याहून येऊन बसले आणि चहा पिऊन तसेच परत गेले. "त्या घरमा माले भ्याव लागस," त्यांनी दिपमालाला फोनवर सांगितलं.

संक्रांतीनंतर लोटन भाऊ पुन्हा एकदा भर दुपारी जळगावला आले. कपडे अंगावर लोंबत होते.

"दीपाबाई, ती मले तठी कशाले नेते?"

"तुमचाही मुलगा आहे तो."

"तसं नाही." त्यांनी दाराची चौकट धरली. "ती मले तठी सोडून येनार हाये का? तुम्हाले काही बोलली का?"

"नाही बोलली."

"विचारा ना तिले."

दिपमालानं विचारलं नाही. तिला उत्तराची भीती वाटत होती. गाड्यांची आसनं राखून ठेवताना तिनं बेबाबाईला फोन केला, तेव्हा बेबाबाई म्हणाली, "मले त्यांच्या शेजारी नको. समोर दे." आणि एप्रिलमध्ये निघाले तेव्हा ती प्रत्येक गाडीत समोरच बसली. पॅरिसहून झुरिच, झुरिचहून डोंगरातून खाली साल्झबर्ग. बाहेर काचेसारखी तळी आणि हिरव्या उतारांवर गाई. सुकदेव आबा आणि भिकुबाई बोटं दाखवत होते, आणि दाखवता दाखवता ओशाळून गप्प होत होते. बेबाबाई खिडकीतून पाहत नव्हती. ती नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. लोटन भाऊ डोळे मिटायचे, उघडायचे, आणि ती नजर तिथंच असायची.

लिंत्सला हितेंद्रचा मित्र फलाटावर उभा होता. नवलनं त्याला शोधून काढून सगळं कळवलं होतं. त्यानं वाकून बेबाबाईच्या पायांना हात लावला. तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून पाहिला, आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "वो लडकी?" मुलगी कधीच गाव सोडून गेली होती. बेबाबाईनं मान हलवली. साडी बॅगेतच राहिली.

गावाबाहेर उंच झाडांमध्ये एक लांबट इमारत होती, आत थंडगार. भिंतीत अस्थी ठेवलेले चौकोनी कोनाडे, प्रत्येकावर नाव. मित्र एका कोनाड्यासमोर थांबला. दगडावर हितेंद्रचं नाव होतं. बेबाबाईनं त्यावर तळहात ठेवला आणि ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. रडली नाही. मग तिनं हात काढला आणि सगळ्या हिवाळ्यानंतर पहिल्यांदा नवऱ्याशी बोलली.

"या अठी."

लोटन भाऊ पुढं आले.

"इतके दिवस त्याच्या तोंडानं बोलले ना तुम्ही? आता त्याच्या तोंडावर सांगा. त्याच्या नावानं मले काय काय म्हटलं ते. सगळं. काही राहू देऊ नका."

लोटन भाऊंनी टोपी काढली. बेबाबाई बाजूच्या लाकडी बाकावर बसली, हात मांडीवर घेऊन, शेतातला माणूस मजुरीचा हिशेब ऐकायला बसावा तशी निवांत.

"हितू," लोटन भाऊ म्हणाले. "पहिल्यांदा मी म्हटलं, की तू बरा हाये."

ते सांगू लागले. दिवाळीला पाठवलेलं, तिच्या आजारपणात पाठवलेलं, केळीला भाव मिळाला तेव्हाचं. मध्येच अडले तर ती म्हणायची, "पुढं." त्या शेवटच्या निरोपापाशी येऊन ते कोनाड्याला कपाळ टेकून थांबले.

"तेबी," बेबाबाई म्हणाली.

दिपमालाला ऐकवेना. सुकदेव आबा आणि भिकुबाई केव्हाच बाहेर गेले होते, नवल दाराशी डोळे पुसत उभा होता. बेबाबाईनं मान न वळवता सांगितलं, "तुम्ही चला. हॉटेलात जा, आराम करा. आमचं अजून बाकी हाये."

"आम्ही थांबतो अक्का."

"नको."

बाहेर ऊन होतं. झाडांवर नवी पालवी फुटलेली. दिपमाला पायऱ्यांवर बसली, आणि राहवलं नाही म्हणून काचेच्या दारातून तिनं आत पाहिलं. लोटन भाऊ भिंतीशी वाकून अजून बोलत होते. आवाज इथवर येत नव्हता. शेवटचा निरोप तर कधीच सांगून झाला असणार. आता ते काय सांगत होते, आणि ते सांगणारं त्यांच्यातलं कोण होतं, देव जाणे. बेबाबाई बाकावर ताठ बसून ऐकत होती, आणि तिनं त्यांना अजून थांबवलं नव्हतं.